इंजिन दादाकडे, पाते बारक्याकडे

पडायला त्या झाडाला चहूबाजूंनी जागा होती. दादाच्या अंगणात कोसळले असते, तर रंगाचे दोन-चार डबे चेपले असते. बारक्याच्या अंगणात कोसळले असते, तर वाळत घातलेला एखादा सदरा गेला असता. पण परवाच्या वादळात ते आडवे झाले ते नेमके दोन घरांमधल्या कंबरेएवढ्या भिंतीवर, आणि भिंतीतही नेमके त्या लाकडी फाटकावर, ज्यातून बाबा गेल्यापासून फक्त बायकाच ये-जा करत आल्या होत्या. दोघे भाऊ फाटकापर्यंत येत, काय सांगायचे ते मधल्या बहिणीला सांगत, आणि आल्या पावली परत फिरत. भिंतीच्या अलीकडचे पलीकडे आणि पलीकडचे अलीकडे पोहोचवणे हे मधलीचे काम. ते तिला कुणी दिले नव्हते. घरात नळ गळू लागला की त्याखाली ठेवलेली बादली जशी पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहते, तशी ती राहिली होती.

आज आईचा मुक्काम बदलायचा दिवस. काही महिने थोरल्याकडे, काही महिने धाकट्याकडे, असा तिचा शिरस्ता होता. त्याप्रमाणे ती सकाळीच तयार होऊन, मांडीवर पिशवी घेऊन, दादाच्या अंगणात फाटकासमोर खुर्ची टाकून बसली होती. फलाटावर गाडीची वाट पाहत बसावे तशी. फरक इतकाच की गाडी समोर उभी होती, आणि ती म्हणजे एक भलाथोरला बुंधा होता.

"आई, रस्त्यानं चल ना," मधली म्हणाली. "मी गाडीत घालून नेते. कोपऱ्यावरून वळसा घातला की आलंच बारक्याचं दार."

"मी फाटकातून आले. फाटकातूनच जाणार."

"फाटक राहिलंय कुठं?"

"मग होईल तेव्हा जाईन. मला कुठं ऑफिस गाठायचंय?"

दादाच्या बायकोने, वहिनीने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोके काढले. "आई, इथं थोड्या वेळानं ऊन येतं हं."

"मला घालवायची घाई झाली का गं?"

"मी कुठं घालवतेय? मी छत्री आणू का विचारत होते," वहिनी म्हणाली आणि डोके आत घेतले. छत्री काही आली नाही.

झाडे तोडणाऱ्या माणसाला मधलीने कालच फोन केला होता. तो आधी मनमुराद हसला. निम्मे गाव आडवे झाले आहे, म्हणाला. तुमच्याकडे पुढच्या आठवड्यात बघू, तोवर झाड कुठे पळून जात नाही.

झाडाला घाई नव्हती, आईला घाई नव्हती. घाई मधलीला होती. ती गाडी चालवायला शिकवत असे. डोंगरांच्या पलीकडच्या गावात तिच्या मैत्रिणीने स्वतःची शाळा काढली होती, आणि भागीदार म्हणून तिला बोलावले होते. यापूर्वी तिने 'घरचं जरा मिटू दे' म्हणून ते लांबणीवर टाकले होते. आता मैत्रिणीने स्पष्ट सांगितले होते: आज संध्याकाळपर्यंत हो म्हण, नाहीतर मी दुसरी बघते. मधलीची बॅग गाडीत होती. मात्र बॅग भरणे आणि निघणे यांच्यामध्ये आईच्या गोळ्या होत्या. मागच्या खेपेला मुक्काम बदलताना ती शिकाऊ मंडळींना परीक्षेला घेऊन गेली होती. रक्तदाबाची गोळी भावाने दिली असेल असे दोघांनीही परस्पर गृहीत धरले, आणि आई दोन दिवस गोळीशिवाय, भिंतींना धरून चालत राहिली. दोघे एकमेकांशी बोलणार नसतील, तर मधलीने गाव सोडायचे कसे? हा प्रश्न ती स्वतःला रोज विचारी आणि रोज त्याच उत्तरापाशी येऊन थांबे.

"करवत आहे की घरात," आई एकाएकी म्हणाली.

दादा पाटीवर 'सावकाश चालवा' रंगवत बसला होता. त्याचा कुंचला 'का'च्या कान्यावर थबकला. भिंतीपलीकडे बारक्या फांद्यांच्या काटक्या मोडून त्यांच्या मोळ्या बांधत होता. त्याचेही हात थांबले.

"अर्धी आहे," दादा म्हणाला.

"अर्धी तिकडं, अर्धी इकडं. म्हणजे किती झाली?" आईने विचारले. "मी शाळेत फार गेले नाही, पण एवढं येतं मला."

बाबांची ती पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. झाडे कापण्यावर त्यांनी हे घर उभे केले. ते गेले तेव्हा घर, भांडी, पलंग, सगळ्याची वाटणी कुरकुर न होता झाली. मग कोपऱ्यात उरलेल्या करवतीला दोघांनी एकदमच हात घातला. एकाच्या हातात इंजिनाची मूठ, दुसऱ्याच्या हातात पात्याचे टोक. 'सोड' आणि 'तू सोड' बराच वेळ चालले, आणि शेवटी आईच्या डोळ्यांदेखत दादाने पाना आणून दोन नट काढले. इंजिन थोरल्याकडे, पाते आणि साखळी धाकट्याकडे. त्या दिवसापासून करवत बंद पडली आणि तिच्याबरोबर दोघांचे बोलणेही.

पण दोघांनीही आपापल्या अर्ध्या भागाची बडदास्त अशी ठेवली की एखाद्या म्हाताऱ्याला हेवा वाटावा. दादा इंजिन रंगांच्या खोलीत वरच्या फळीवर, मेणकापडाखाली ठेवी. अधूनमधून प्लग काढून दोरी ओढी, आत गंज धरू नये म्हणून. बारक्याने साखळी बिस्किटांच्या डब्यात तेलात बुडवून ठेवली होती. तो पार्सलच्या कचेरीत बांधणीचे काम करी, त्यामुळे तो डबाही त्याने कागदात गुंडाळून, सुतळीने चौपदरी बांधला होता. आणि दोघांनीही, एकमेकांना कळू न देता, उरलेला अर्धा भाग बाजारात शोधला होता. शोधायला अर्थातच मधलीला पाठवले होते. तिने दादाला आणून दिलेले पहिले पाते लांबीला जास्त निघाले, दुसऱ्याचे तेलाचे भोक भलत्याच जागी, तिसरे बसले पण त्यावर जुळणारी साखळी जगात कुठे मिळेना. बारक्यासाठी आणलेल्या इंजिनांच्या चाकात त्याच्या साखळीचे दात शिरतच नव्हते. एकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही, अशी शपथ तिला दोन्हीकडून घातलेली होती. ती तिने पाळली. दोन्हीकडच्या शपथा पाळता पाळता आपले स्वतःचे असे बोलायचे काही राहिलेच नाही की काय, असे तिला कधीकधी सिग्नलला उभे असताना वाटून जाई. मग दिवा बदले.

"त्या पार्सलवाल्याला सांग," दादा तिला म्हणाला, "करवत जोडायची तर माझ्या अंगणात जोडायची. इंजिन भिंतीपलीकडे जाणार नाही."

बारक्या हात लांब केला तर दादाच्या खांद्याला लागेल इतक्या अंतरावर उभा होता.

"बारक्या, दादा म्हणतोय..."

"ऐकलं. त्या पेंटरसाहेबांना सांग, पातं मी देतो. पण साखळीला मी स्वतः कानस मारणार. त्यांचा हात लागता कामा नये. त्यांना फक्त रंग लावता येतो."

"दादा, बारक्या म्हणतोय..."

"मला कान आहेत!"

"मग मला कशाला उभं केलंय इथं?"

दोघांनीही तिच्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिले. सूर्य रोज का उगवतो, असे कुणी विचारावे तसे.

इंजिन फळीवरून उतरले. मेणकापड बाजूला झाले. दादाने टाकीत पेट्रोल ओतताच ते खालून फरशीवर आले, कारण आतली नळी बिस्किटासारखी ठिसूळ झाली होती. कार्बोरेटर उघडला, तर त्यातला रबराचा पातळ पडदा, जो श्वासासारखा आतबाहेर हलायला हवा, तो पत्र्यासारखा ताठ.

"संपलं," दादा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "इतकी वर्षं दोरी ओढत राहिलो आणि पडद्याकडे बघितलंच नाही."

"त्यांना सांग, पेट्रोल आत ठेवून दिलं की असंच होतं," पलीकडून आवाज आला.

"त्याला सांग, पेट्रोल मी नव्हतं ठेवलं. ते बाबांचं होतं."

बाबांनी शेवटचे भरलेले पेट्रोल आत वाळून गेले होते, त्याचा पिवळट थर दादा नखाने खरवडत होता, आणि मधलीला क्षणभर त्या अंगणात कुणीतरी नुकतेच उठून गेल्यासारखे वाटले. तिने कार्बोरेटर रुमालात गुंडाळला आणि गाडी काढली.

सुट्या भागांचे दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होते. आत शिरायचे तर अंग चोरून. दोन्ही बाजूंना पंप, मोटारी, गिरणीची चाके, आणि छताला टांगलेल्या साखळ्या. दुकानदार तिला पाहताच उभा राहिला.

"या, या, लाकूडवाल्या बाई! आज काय देऊ? पातं की इंजिन?"

"पडदा. कार्बोरेटरचा. आणि पेट्रोलची नळी."

"कोणती करवत?"

तिने सांगितले. दुकानदाराने हात जोडून वर पाहिले.

"ती कंपनी गेली हो. मालक गेला, मालकाची मुलं भांडली, कारखाना गेला. तुम्हाला मी किती वेळा सांगितलं?"

"प्रत्येक वेळी सांगितलंत. आणि प्रत्येक वेळी काहीतरी विकलंत."

"ते धंद्याचं झालं." तो खुशीत हसला. "बरं, करवतीचं नाव विसरा. कार्बोरेटर कंपन्या स्वतः कुठं बनवतात? बाहेरून घेतात. त्याच्या अंगावर काय कोरलंय ते बघू." त्याने भिंग डोळ्याला लावले, कार्बोरेटर उजेडाकडे फिरवला, थुंकी लावून पुसला. "हं. बाई, तुमचं नशीब! हाच गवत कापायच्या मशीनला असतो. त्याचं दुरुस्तीचं किट पडलंय माझ्याकडे. कुठं पडलंय तेवढं मात्र विचारू नका."

ते शोधायला जो वेळ गेला त्यात त्याने एका माणसाला पंप विकला, एकाला हाकलले, आणि चहा मागवला. शेवटी एक चपटी पुडी खोक्यातून वर आली.

"नवा रबरी पडदा, कागदी पडदे, जाळी, सगळं आहे. जुना उघडताना जो क्रम दिसेल, त्याच क्रमानं परत. चुकलं की दोरी ओढून खांदा निखळेल, पण सुरू व्हायची नाही. आणि नळी ही पेट्रोलचीच घ्या, फिश टँकची स्वस्त असते पण विरघळते." पुडी देता देता तो थांबला. "एक विचारू का? राग नका मानू. तीन पाती नेलीत, इंजिनं नेलीत. तुमचं जंगल तरी केवढं आहे?"

"एकच झाड आहे," मधली म्हणाली.

दुकानदाराने तिच्याकडे असे पाहिले, जणू पुडीचे पैसे थोडे कमी घ्यावेत की जास्त, हे त्याला ठरवता येईना.

ती परतली तेव्हा घराची फाळणी वेगळ्याच ठिकाणी झालेली होती. खुर्चीवर बसल्या बसल्या आईने दोरीचा विषय काढला होता. इंजिन सुरू करायची जुनी दोरी मध्येच विरली होती. बारक्याने पार्सलची मजबूत नायलॉन दोरी मापाने कापून, टोके मेणबत्तीवर वितळवून, बुंध्यावरून अलीकडे ठेवली होती. आईने ती हातात घेऊन, गाठ निरखून, मोठ्याने म्हटले होते, "याला म्हणतात गाठ!" त्यामुळे दादा दुखावला होता. दादा दुखावला म्हणून वहिनी आईवर रागावली होती. पण दोरीसाठी मेणबत्ती खिडकीतून वहिनीनेच पोहोचवली होती, हे आईने फोडले, त्यामुळे दादा आता वहिनीवर रागावला होता.

"म्हणजे तू त्याच्या बाजूची?" तो विचारत होता.

"मी मेणबत्तीच्या बाजूची," वहिनी म्हणाली. "घरात अंधार झाला की मला ती लागते. तुमची बाजू त्या वेळी उपयोगाची नसते."

"ताई, पडदा मिळाला?" बारक्याने भिंतीवरून वाकून विचारले. त्याच्या आवाजातली उत्सुकता लपत नव्हती.

"मिळाला."

"खरंच?" हे दोघांच्याही तोंडून एकाच वेळी निघाले, आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिले.

दादाने रंगाच्या टेबलावर स्वच्छ कापड पसरले. बारीक कुंचल्याने त्याने कार्बोरेटरची एकेक फट अशी साफ केली की जणू तिच्यावर कुणाचे नाव लिहायचे आहे. जुने पडदे निघाले त्या क्रमाने त्याने कापडावर मांडले, नवे त्याच क्रमाने चढवले. प्लगचे टोक घासून लखलखीत केले. हवेच्या जाळीतला बाबांच्या काळचा भुसा त्याने फुंकून टाकला नाही. एका रिकाम्या डबीत झटकला आणि डबी बाजूला सारली. कुणी पाहिले नसेल, अशा बेताने.

पलीकडून कानशीचा आवाज येत होता. एकेका दातावर सारखे घासणे, मग अंगठ्याने धार पाहणे, मग पुढचा दात. खर्र, खर्र. मधली बुंध्याला टेकून त्या दोन्ही कामांच्या मध्ये उभी राहिली. आजोबांच्या काळी झाडे दोन मुठींच्या करवतीने कापत. एकाने ओढायचे, मग दुसऱ्याने ओढायचे, ढकलायचे कुणीच नाही, असे बाबा सांगत. तिला वाटले, हे दोघे त्या काळात जन्मले असते तर त्यांना बोलावे तरी लागले नसते. नुसते आळीपाळीने ओढत राहिले असते, आणि झाडे पडत राहिली असती.

"त्याला सांग, तेल किती घालायचं ते मला माहीत आहे," पेट्रोलमध्ये तेल मिसळता मिसळता दादा म्हणाला.

"तो काही बोललाच नाही."

"बोलणार होता."

"त्यांना सांग," पलीकडून लगेच आले, "जास्त घातलं तर नुसता धूर निघेल."

"बघ! आणि त्याला सांग, कमी घातलं तर पिस्टन अडकून बसेल!"

"मी सांगत नाही," मधली म्हणाली. "दोघांनाही ऐकू आलंय."

बारक्याची साखळी झाली. त्याने ती पात्यावर चढवली, दातांची दिशा दोनदा तपासली, आणि मग धंद्याच्या सवयीने साखळीसकट पाते सुतळीने आडवेतिडवे असे घट्ट बांधले की आत भूकंप झाला तरी एक कडी हलू नये. "त्यांना सांग, सुतळी पातं बसवल्यावरच कापायची. आधी नाही. मी सगळं बरोबर लावून दिलंय, त्यात कारागिरी करायची नाही." आणि ते जड, तेलकट पार्सल बुंध्यावरून अलीकडे आले.

दादाने ते दोन्ही हातांवर झेलले. झिजलेल्या पात्यावर कंपनीचे नाव अजून पुसट दिसत होते, आणि ते उलटे होते. साऱ्या हयातीत ज्याने गावभरच्या पाट्या रंगवल्या, दुसऱ्याने वाकडे लावलेले फलकही जाता जाता सरळ केले, त्याला उलटे अक्षर सोसणे शक्य नव्हते. त्याने पाते पालथे केले. नाव सुलटे झाले. मग त्याने ते इंजिनाला बसवले, नट आवळले आणि सुतळी कापली.

खुर्चीवर आई खोकली. मधलीने तिच्याकडे पाहिले, पण आई आकाशाकडे पाहत होती.

चोक ओढला. दोरीचा पहिला झटका वाया गेला, दुसराही. मग इंजिन एकदा शिंकले. चोक आत ढकलून दादाने जीव खाऊन पुन्हा दोरी ओढली, आणि ती करवत अशी गर्जली की खिडकीची तावदाने थरथरली आणि वहिनीच्या हातातले भांडे सुटले. निळा धूर अंगणभर पसरला. त्या वासाबरोबर कितीतरी वर्षे एकदम परत आली. बाबांचा सदरा, जेवणाच्या डब्याला लागलेला भुसा, संध्याकाळ. आईने पदर नाकाला लावला आणि डोळे पुसले. धुराने असेल. बारक्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकून लहान मुलासारखा उड्या मारत होता. दादाच्या तोंडावर जे हसू होते ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नव्हते.

त्याने करवत बुंध्याला लावली.

बुंध्यातून धूर निघाला. करवत किंचाळली. सालीवर एक काळी, चकचकीत रेघ उठली, इस्त्रीने जाळल्यासारखी. भुसा म्हणून काही उडाला नाही. दादाने जोर लावला, रेघ आणखी चकचकीत झाली. त्याने इंजिन बंद केले.

"धार आहे कुठं?" तो गरजला. "ही साखळी आहे की कंबरपट्टा?"

"धार?" बारक्याचा आवाज चिरकला. "एकेक दात घासलाय मी! बोट लावून बघ, कापेल! तुझ्या इंजिनात दमच नाही!"

"दम नाही? तुला बहिरं केलं त्यानं आत्ता!"

"आवाज आहे, दम नाही! तुझ्यासारखंच आहे ते, दादा!"

मधली पुढे झाली. तिला दिसले होते. पात्याच्या वरच्या कडेवर साखळीचे दात झाडाकडे तोंड करून असायला हवे होते. ते सगळेच्या सगळे दादाकडे तोंड करून उभे होते. पाते पालथे झाले तेव्हा त्यावर जखडलेली साखळीही पालथी झाली होती. उलट्या दिशेने धावणारे वाहन ओळखायला तिला कधी वेळ लागत नसे. दोन नट काढायचे, फिरवायचे, पुन्हा आवळायचे, एवढेच. ती तोंड उघडणार, तोच काहीतरी तिच्या कानात उशिरा पोहोचले.

*तुझ्या* इंजिनात. *दादा.*

'त्यांना सांग' नव्हते. पेंटरसाहेब नव्हते. दोघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

शिकाऊ गाडीत तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे. शेजारच्याने चूक करायच्या आत तिचा पाय आपोआप दाबला जाई, आणि तिची शिकाऊ माणसे चांगली शिकत असली तरी जरा उशिरा शिकत. तिने पाय मागे घेतला.

"बाबांनी मला दाखवलं होतं कानस कशी धरायची!" बारक्या ओरडत होता. "तुला वेळ नव्हता, तू पाट्या रंगवत होतास!"

"त्या पाट्यांवर तुझी फी भरली, बारक्या!"

"मग तेव्हाच सांगायचंस! इतकी वर्षं कशाला तोंड शिवून बसलास?"

"मी बसलो? मी? मुक्काम बदलताना साधं विचारलंस कधी आईला काय लागतं ते? ती पांढरी गोळी जेवणानंतर द्यायची असते. नंतर! तू आधी देतोस म्हणून तिचं पोट बिघडतं!"

"मला 'आधी' असंच सांगितलं होतं!"

"कुणी?"

"ताईनं!"

"मी ताईला नंतर म्हणून सांगितलं होतं!"

मधली बुंध्याआड जरा खाली सरकली. आधी की नंतर, तिला आठवेना; निरोप तिनेच फिरवला असणे सहज शक्य होते.

"मग मला काय स्वप्न पडणार?" बारक्या म्हणाला. "आणि निळी?"

"निळी सकाळी, उपाशीपोटी. झोपेची अर्धीच. पूर्ण दिली की ती रात्री उठते आणि भिंतीला आपटते."

"अर्धी? मी पूर्ण देत होतो, दादा!"

"कळलं ना आता? लिहून घे!"

"लिहायला कशाला हवं? मी काय पाटी आहे? लक्षात राहील माझ्या!" आणि मग, तेवढ्याच जोरात, "जेवायला काय देतोस तिला संध्याकाळी?"

"मऊ काहीही. आणि नको म्हणाली तरी द्यायचं. ती आधी नकोच म्हणते!"

वहिनी खिडकीत हनुवटी टेकून उभी होती, आणि तिने मधलीला नुसत्या भुवयांनी विचारले: ऐकतेस ना? मधली आईच्या खुर्चीजवळ गेली आणि वाकून हळूच म्हणाली, "आई, ती साखळी..."

"उलटी आहे," आई म्हणाली. "झाडं कापणाऱ्याची बायको आहे मी. त्यानं पातं फिरवलं तेव्हाच बघितलं. तुझे बाबा दर वेळी पातं मुद्दाम पालथं घालायचे, दोन्ही कडा सारख्या झिजाव्यात म्हणून. म्हणून अक्षरं उलटी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

भिंतीपाशी आता प्रकरण तिसऱ्या पात्यावर आले होते. दादाने रागाच्या भरात आपण बाजारातून पाती मागवल्याचे बोलून टाकले होते, आणि बारक्या आ वासून म्हणत होता, "तू पातं शोधत होतास? मी इंजिन शोधत होतो!" मग दोघांनी एकदमच मान वळवून मधलीला शोधले, खुर्चीआड वाकलेली ती दिसली नाही, आणि ते पुन्हा एकमेकांकडे वळले, कारण भांडणात अजून पुष्कळ जीव होता.

"सांगू नकोस इतक्यात," आई म्हणाली. "बरंच साठलंय दोघांचं. सापडेल त्यांचं त्यांना. न सापडून जातात कुठं? करवत एक, झाड मध्ये." तिने पिशवी मांडीवर नीट केली, आणि वर न पाहता विचारले, "गाडीत बॅग कुणाची आहे?"

मधलीने रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिले.

"मी सकाळपासून इथं बसलेय. दिसतं मला सगळं," आई म्हणाली. "डोंगरापलीकडे थंडी असते म्हणतात. काहीतरी गरम घेतलंस का?"

"घेतलं."

"मग उभी का आहेस?"

ती रस्त्यावर आली. सगळी सकाळ आणि अर्धी दुपार ओरडण्यात गेलेले घर तिच्या पाठीमागे होते, आणि आवाज इथवर येत होते. दादाचा जाड, बारक्याचा किनरा, एकमेकांच्या वाक्यावर चढत. तिने मैत्रिणीला फोन लावला.

"बोल," मैत्रीण म्हणाली. "मिटलं का घरचं?"

"नाही गं," मधलीने गाडीचे दार उघडले. "आत्ता कुठं सुरू झालंय. येते मी."